पायांची मोजणी

संध्याकाळचे साडेपाच वाजले की शकुनच्या छातीत धडधड सुरू व्हायची. तिची दामिनी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून सुटून शेअर ऑटोनं यायची आणि हमरस्त्याच्या पलीकडं उतरायची. अलीकडं गाव, शेवंतीचा मळा आणि फाट्यावर वाट पाहणारी माय. मधून चार पदरी रस्ता. ट्रक गेला की अंगावरचा पदर उडायचा. शकुन पुटपुटायची,

काळी सडक वं बाई, तुह्या वेनीले शेवंती देते,
लेक माही येऊ दे वं, तुह्या काठी मी उभी राह्यते.

त्या मंगळवारी दामिनी दुभाजकापर्यंत आली. पुढचं पाऊल टाकलं आणि कर्कश हॉर्न वाजला! शकुननं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा पोरगी दुभाजकाला चिकटून लटलट कापत होती. एक चप्पल ट्रकच्या चाकाखाली चपटी झाली होती.

घरी आल्यावर दामिनी एवढंच म्हणाली, "माय, उद्यापासून मी कामाले नाई जात."

सकाळी माणिकबाई पूजेची फुलं घ्यायला आल्या. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या, त्यामुळं छापील कागद दिसला की वाचल्याशिवाय सोडायच्या नाहीत. टोपलीतली शेवंती बाजूला सारून त्यांनी खालचा कागद ओढला.

"अवं शकुन, हा काहून आंथरला फुलाखाली?"

"पंचायतीतून दामिनीच्या बाबानं आणला जी. टोपलीले बरा पडते."

"अव्वा माय! हा आपल्या भागाचा वीस वर्षांचा वाहतूक आराखडा हाय. कोणता रस्ता वाढवाचा, कुठं पूल बांधाचा, पह्यले पैसा कुठं लावाचा, सारं यात. लोकायनं बोलावं म्हणून आजच सुनावणी हाय, अकरा वाजता, शाळेत!" त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "अन् तुह्या फाट्याबद्दल पाह्य काय लिवलं! पादचारी वाहतूक नगण्य. फाटा बंद, कठडा लावणार. पलीकडं जायाले दोन किलोमीटरवरचा पूल."

"नगण्य म्हंजे?"

"म्हंजे इथून कोणी पायी जातच नाई."

शकुनच्या हातातली फुलं गळाली. "मंग माही लेक कोण हाय?"

"मोजणारे आले तवा त्यायनं चाकं मोजले, बाई. पायाले चाक कुठचं?"

एवढ्यात शकुनचा नवरा पुंजाराम मळ्यातून आला. ऐकून त्याचा चेहराच उतरला. "जायाचं नाई तिथं! रजिस्टरवर सही घेतात. सही केली का सातबारा गेला समज. सारं गाव हेच म्हणून राहिलं."

मळा रस्त्याला लागूनच होता. एकीकडं दोन एकर, एकीकडं लेक!

तरी ती माणिकबाईंसोबत गेली. शाळेबाहेर कडुलिंबाखाली गाव गोळा झालं होतं, पण आत पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं. आत रिकाम्या खुर्च्या, सुनावणी घेणाऱ्या एक मॅडम आणि कोरं रजिस्टर. उंबऱ्यावर शकुनचे पाय थबकले.

"भेव वाटते?" माणिकबाई म्हणाल्या. "वाटू दे. मले काय वाटत नाई? पण तू बोलली नाई, त आज कागदावर 'हरकत नाही' असंच लिवल्या जाईल. गप्प बसण्याचीबी सही होते, शकुन!"

शकुन आत गेली. "मॅडम, पह्यले सांगा. सही कायची हाय?"

"हजेरीची. जमिनीशी तिचा संबंध नाही. जमीन घ्यायची असली तर वेगळी नोटीस येते, तुमच्या नावानं."

माणिकबाईंनी रजिस्टरचा मथळा मोठ्यानं वाचला, बाहेरच्यांना ऐकू जाईल असा. शकुननं सही केली. मग पिशवीतून ती चपटी चप्पल काढून टेबलावर ठेवली.

"तुमी चाकं मोजले. चाकाखाली हे आलं, हे कोणी मोजलं?"

मॅडमनी तिचं बोलणं रजिस्टरात लिहून घेतलं. "पायी जाणाऱ्यांसाठी फाट्यावर रस्त्याखालून भुयारी मार्ग होईलच, असं वचन मी देत नाही. पण नोंदवलेल्या प्रत्येक सूचनेला आम्हाला लेखी उत्तर द्यावं लागतं. पायी जाणाऱ्यांची मोजणी पुन्हा व्हावी, असं मी आजच लिहिते."

दारात पुंजाराम उभा होता, टोपी हातात घेऊन. "मलेबी सही कराची हाय," तो खालमानेनं म्हणाला. "तो कागद फुलाखाली मीच आंथरला व्हता. वाचला असता, त पोरीची चप्पल घेऊन तुले माह्याबिगर या लागलं नसतं."

त्याच्यामागून एकेक जण आत आला. दुपारपर्यंत रजिस्टरची तीन पानं भरली.

मंडळी, रस्ता डांबराआधी कागदावर होतो. तो कागद आपल्या दारी येतो, तेव्हा भीतीपोटी आपण तो दुमडून ठेवतो आणि पुढं वीस वर्षं त्याच भीतीत जगतो. भ्यावं, जरूर भ्यावं. पण कागद वाचावा, विचारावं, बोलावं. जो बोलत नाही, तो मोजला जात नाही!

महिन्याभरानं फाट्यावर छत्री लावून एक मोजणीवाला बसला. साडेपाचला पलीकडं ऑटो थांबला आणि पुन्हा कामाला जाऊ लागलेली दामिनी उतरली. शकुनची छाती तशीच धडधडत होती. पुंजाराम दुभाजकापर्यंत गेला आणि लेकीचा हात धरून तिला अलीकडं घेऊन आला.

"लिवलं का, भाऊ?" शकुननं विचारलं.

मोजणीवाल्यानं कागदावर एक उभी रेघ ओढली आणि तो तिच्यासमोर धरला. "हे काय, मावशी. ही तुमची पोरगी."

शकुननं त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.