काळ्यावर काळं

ओट्याच्या दगडाचा नमुन्याचा तुकडा तळहाताएवढा होता, काळा, गुळगुळीत, आणि त्यावर कुणाचं तरी बोट उमटलेलं होतं, बोटाच्या रेषासुद्धा दिसाव्यात इतकं स्वच्छ. तिनं ओढणीनं पुसलं तर बोट गेलं आणि त्या जागी ओढणीचे धागे चिकटले. ते फुंकायला गेली तर वाफ धरली... घ्या! अजून नवा ओटा बसायचाय, कपाटांची दारं बसायचीत, आणि मी आत्तापासूनच पुसायला लागले.

"आज सांगून टाक बरं का त्या किचनवाल्याला," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "उद्या सकाळी तो कापायला घेणार. तूच ठरव, तुझंच स्वयंपाकघर आहे."

तुझंच! ऐकायला काय गोड वाटतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं मिठाचा डबा हाताशी असावा म्हणून खालच्या फळीवर ठेवला होता, तर दुपारी तो पुन्हा वरच्या फळीवर. सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं, पण त्या बोलायच्याच नाहीत, वस्तू नुसती जागच्या जागी ठेवायच्या, आणि हळूहळू त्यांनी तिलाही तशीच ठेवून दिली – भाजी निवडायला, भांडी पुसायला, मागेपुढे करायला. गॅससमोर मात्र त्या. अजूनही त्याच.

लेकीला काळंच हवं होतं. "आई, कसलं भारी दिसतं बघ!" म्हणत ती फोनवरचे फोटो नाकाशी आणून धरायची. तेलाचे डाग दिसत नाहीत, जुनं झालं तरी जुनाट वाटत नाही, स्टीलची भांडी कशी उठून दिसतात... हे सगळं तिलाही पटत होतं. डोळे झाकून हो म्हटलं असतं तिनं, मागच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली नसती तर. नजरेचा मधला भाग जातोय, डॉक्टर म्हणाले होते, चष्म्यानं काही व्हायचं नाही. पांढऱ्यावर काळं ठेवा, काळ्यावर पांढरं ठेवा, त्यांना अंदाज येईल. काळ्यावर काळं नको. परतताना सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला – इतक्या वर्षांत पहिल्यांदाच – आणि म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस हं. बाऊ करेल उगाच. खुर्चीत बसवून ठेवेल मला." तिनं सांगितलं नाही. काळ्या ओट्यावर ठेवलेली लोखंडी कढई सासूबाईंना दिसणार नाही, हे घरात फक्त त्या दोघींना माहीत होतं.

आणि काळा ओटा झाला की महिन्याभरात त्या आपणहून बाहेर पडतील. कुणी काढलं असं होणार नाही. रंग काय, पोरीनं निवडला! हा विचार नेमका कधी आला ते तिला आठवत नव्हतं. पण आला तेव्हा धक्का बसला नव्हता, हे मात्र पक्कं आठवत होतं. तिनं तुकडा पर्समध्ये टाकला आणि कामावर गेली.

"श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा." दिवसभर हेच. एक्स-रेच्या खोलीत खिडकी नाही, सकाळ आणि दुपार सारखीच. कुणाचा खांदा, कुणाचं मनगट, कुणाची नुसती भीती. मधल्या वेळेत तिनं तुकडा मोठ्या सिस्टरना दाखवला, कारण त्यांच्या घरी काळंच आहे.

"दिसायला झकास," सिस्टर म्हणाल्या, "पण फडकं हातातून सुटत नाही बघ. पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग. पीठ सांडलं तर विचारूच नकोस. आणि संध्याकाळी दिवा लावला तरी अंधारल्यासारखं वाटतं. मी तर जादाचे दिवे बसवून घेतले."

"मग पस्तावलात?"

"छे गं! मला आवडतं. माझं आहे ना ते."

माझं आहे ना ते... हे वाक्य डोक्यात घोळवत ती एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा सरळ करत होती, तेव्हाच फोन वाजला. किचनवाला. "ताई, उद्या कापायला घेतोय. तुमचा फोन आला नाही तर काळंच धरतो. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. फोन ठेवला, गुडघ्याचा फोटो काढला, गृहस्थांना उठून बसायला हात दिला – आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो.

चालेल म्हणजे आवडलं नव्हे. हवंय नव्हे. धड होसुद्धा नव्हे. चालेल म्हणजे माझ्यामुळे कुणाचं अडू नये, एवढंच. शेवटचं उरलेलं चालेल, कोपऱ्यातली जागा चालेल. मुलगा बघून झाल्यावर वडिलांनी विचारलं होतं, काय गं, कसा वाटला – तेव्हाही ती चालेलच म्हणाली होती आणि घरात सगळ्यांनी ते हो धरलं होतं. ही जुनी खोड, जीभच तशी वळते, तिनं स्वतःला समजावलं. पण समजूत पटेना. आज त्या चालेलच्या आडून मीच बोलले... नीट, ठरवून. लगेच फोन करून नको म्हणता आलं असतं. तिनं फोन उचलला, नंबर काढला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी आली तेव्हा पाय दुखत होते, आणि सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. तळवा सपाट ठेवून त्या ओट्यावर सुरी चाचपत होत्या. तिनं पुढं होऊन सुरी त्यांच्या हातात दिली नाही, उंबऱ्यातच थांबली. सुरी सापडली.

"किचनवाल्याचा फोन आला होता, आई."

"काळं ठरलं ना?"

"बदलता येईल अजून. दुकान उघडं असेल."

"कशाला बदलतेस? होऊ दे काळं."

"तुम्हाला काही दिसायचं नाही त्यात."

"माहितेय की मला. म्हणून तर म्हणतेय." सासूबाईंनी कांदा कापायला घेतला, सावकाश, बोटांच्या अंदाजानं. "एकदा रंग आडवा आला की कुणी विचारणार नाही, का हो, आत का येत नाही? दमले गं मी. पाच माणसांचं करता करता कधीच दमले होते. पण दमले म्हणायची सोय कुठं ठेवली मी या घरात? ना तुला, ना मला."

इतक्या वर्षांत एवढं लांब बोलणं त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"चालेल म्हणाले."

"हं." कांद्याची फोड निसटली, त्यांनी ती शोधली नाही. मग अगदी साध्या आवाजात, उद्या दूध किती घ्यायचं विचारावं तसं, त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू नको म्हणशील."

या वाक्यात कुठंतरी टोचणारं असणार म्हणून तिनं ते मनातल्या मनात पुन्हा ऐकलं, उलटंपालटं करून पाहिलं. नव्हतं. त्यांनी नुसती वाट पाहिली होती, आज, कदाचित महिनाभर. सासूबाईंनी सुरीची मूठ तिच्याकडे केली, ती घेईपर्यंत धरून ठेवली, आणि भिंतीला हात लावत स्टुलावर जाऊन बसल्या.

ती ओट्यासमोर उभी राहिली. फोन पर्समध्ये होता, पर्स खांद्यालाच होती. नको म्हटलं तर या दमलेल्या बाईला पुन्हा इथं उभं करायचं. हो म्हटलं तर मला हवं तेच होणार – आणि ते हवं होतं म्हणजे नेमकं काय हवं होतं, हे आता आठवेना. वरच्या फळीपाशी हात जायला हवा होता, गॅस पेटवायला हवा होता, कांदा अर्धाच कापलेला होता. तिनं सवयीनं मनातला तो जुना राग शोधला, ज्याच्या जोरावर ती रोज या खोलीत शिरायची, हुंकार देत भांडी पुसायची, गप्प राहायची. तो जागेवर नव्हता. आणि त्याच्याशिवाय इथं हात कसे चालवायचे, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.