पक्कं बसलेलं मॅगझिन

लीड्सच्या हॉस्पिटलमधली डॉक्टर सुचेता रविवारी गावाबाहेरच्या जंगलात एअरसॉफ्ट खेळायला जायची. प्लॅस्टिकच्या गोळ्यांची ही लुटुपुटूची लढाई. पण तिच्या पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची डबी, नीट बसायचं नाही आणि धावताना चिखलात पडायचं. इंजिनीअर नवऱ्याने, यतीनने, दाराखाली लावायच्या रबराचे तुकडे कापून तिच्या दोन्ही मॅगझिनांच्या बुडाला चिकटवले.

"आता तळहाताने थाप मार. पक्कं बसेल."

पुढच्या रविवारी ते एका थापेत बसलं. गोळ्या संपल्यावर मात्र निघेना. रबराची कड पिस्तुलाच्या मुठीत घट्ट अडकली होती. सुचेता ओंडक्याआड ओढाओढ करत असताना समोरच्या टीममधला नायजेल येऊन ठाकला. हा निवृत्त पाद्री भलताच सभ्य. त्याने रोखलेलं पिस्तूल खाली घेतलं.

"अडकलंय का? मी धरतो, तुम्ही ओढा."

मॅगझिन निघालं आणि दोघंही चिखलात बसली. सुचेताने "थँक यू" म्हणत दुसरं मॅगझिन थाप मारून बसवलं आणि खेळाच्या भरात त्याच्या पोटावर गोळी झाडली. नायजेलने मुकाट्याने हात वर केला आणि तो बाद झाला. तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"बसतं मात्र छान," तो उठत म्हणाला. "माझ्याही मॅगझिनांना असं करून द्याल?"

घरी तिने यतीनसमोर चार मॅगझिनं ठेवली.

"ही दोन नायजेलची, रबर लाव. आणि माझ्या रबराची कड तास."

"आणि त्याची?"

सुचेताने नायजेलची मॅगझिनं त्याच्याकडे सरकवली.

"त्याची राहू दे."