सुनेच्या नावाची बाटली

ज्या वर्षी म्हातारा निवृत्त होऊन घरी बसला आणि पंख्याच्या कुरकुरीवरून रोज घर डोक्यावर घेऊ लागला, त्याच वर्षी सुनेला दिवस गेले. तेवढीच घरातून सुटका, म्हणून दर महिन्याच्या तपासणीला सुनेबरोबर सासूच जायची.

दवाखान्यात आधी वजन, मग लघवीची बाटली, मग रक्तदाब. वजनाच्या काट्यावर सून हसत चढायची, पण बाटली हातात आली की तिचं तोंड उतरायचं. संडासाच्या दाराला कडी नव्हती आणि बाहेर बायकांची रांग.

"आई, नाही हो होत मला."

"नळ सोडून बघ. पाण्याच्या आवाजाने होते."

"नळ कोरडा आहे."

पहिल्याच खेपेला सासू दार धरून धरून कंटाळली. "आण इकडे! मला ना साखर, ना काही. तुझी काय नि माझी काय!" दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून बाटली सासूच भरायची. वर चिठ्ठी सुनेच्या नावाची.

आठव्या महिन्यात सून सासूच्या चपला घालून आली. स्वतःच्या तिच्या पायात शिरेनात. नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"डोकं दुखतं का गं?"

"दुखतं. पंख्यापेक्षा मामंजींचाच आवाज जास्त आहे ना घरात."

नर्सबाई हसल्या नाहीत. "दाब वाढलाय, पाय सुजलेत. लघवीतही दोष निघाला, तर आजच मोठ्या दवाखान्यात धाडते. हे जिवावरचं दुखणं असतं."

सासूने भरलेली बाटली टेबलावर होती. सांगावं, तर नर्सबाई चारचौघींत पाणउतारा करणार. सांगू की नको करेपर्यंत नर्सबाईंनी तपासणीची पट्टी बाटलीत बुडवून उजेडात धरलीसुद्धा.

"स्वच्छ आहे. घरी आराम करू दे. आठवड्याने या."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने पिशवी उचलली. "चल. स्वच्छ म्हणाल्या ना त्या."

आठवडा काही भरला नाही. सुनेला स्वयंपाकघरातच झटके आले. मोठ्या दवाखान्यात पोट कापून बाळ काढलं, पण ती शुद्धीवर आली नाही.

ती गेल्यावर नर्सबाई मोठ्या दवाखान्यात भेटायला आल्या, तेव्हा सासूचा मुलगा त्यांच्या अंगावर धावून गेला. "काय तपासलंत तुम्ही? डोळे होते कुठे?"

"मी स्वतः पाहिली हो. स्वच्छ होती," नर्सबाई रडत म्हणाल्या.

"स्वच्छच होती," सासू म्हणाली. "माझी होती ती."

आत काचेच्या पेटीतल्या बाळाजवळ बसायची पाळी आता सासूची होती. मुलाने खुर्ची तिच्यापुढून ओढून घेतली आणि स्वतः बसला.

सून वारली ती सासरे निवृत्त झाले त्या वर्षी, गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात, शुक्रवारी सकाळी. तिची मुलगी जगली.