झुंबरीचं रिंगण

आमच्या केशवला लहानपणी कुत्र्याची भारी भीती. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं दिसलं की हा माझ्या परकराआड. तोच केशव पुढे विलायतेला जाऊन मुलांच्या मनाचं शास्त्र शिकून आला आणि आल्या दिवशीच मला म्हणाला, "अक्का, भीती उपजत नसते, शिकवलेली असते. शिकवता येते, तशी पुसताही येते." मी म्हटलं, "बरं बाबा, आधी हातपाय धू, पानं वाढलीत."

लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. केशव पुण्याला कॉलेजात शिकवायचा आणि सुट्टी लागली की लोणावळ्याला, तुंगार्लीच्या बंगल्यावर यायचा. मी नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच. लग्न केलं नव्हतं त्याने. शास्त्रापुढे बायको कुठली सुचायला! त्या दिवाळीत तर त्याने बंगल्याची पार शाळा करून टाकली. हवा खायला आलेल्या मुंबईकरांची मुलं, बाजारपेठेतल्या दुकानदारांची, रेल्वेच्या चाळीतली, दूध घालायला येणाऱ्यांची, दिसेल त्याला धरून आणायचा.

प्रयोग म्हणजे काय, तर मागच्या खोलीत फरशीवर खडूने मोठं रिंगण काढायचं, मुलाला आत बसवायचं आणि पुढ्यात गुडदाणीची वडी ठेवायची. आता तिला सगळे चिक्की म्हणतात. मग सांगायचं, "मी घंटी वाजवीपर्यंत रिंगणाबाहेर यायचं नाही आणि वडीला हात लावायचा नाही." आणि स्वतः शेजारच्या खोलीत जाऊन दाराच्या झिलमिलीतून, लाकडी पट्ट्यांच्या फटींतून, बघत बसायचं. मूल स्वतःला आवरायला कधी आणि कसं शिकतं, हे त्याला शोधायचं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हटलं असतं, एवढा थोराड माणूस दाराआडून पोरांच्या तोंडाकडे टक लावून बसतो, आधी त्याला आवरा.

मुंबईकरांची पोरं वडीचा फडशा पाडून, तोंड पुसून, साळसूद चेहरा करून बसत. चाळीतली तर ताटलीसकट पसार होत. केशव हसायचा आणि लिहून घ्यायचा. मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू? मग एके दिवशी त्याने झुंबरीला आत बसवलं.

झुंबरी आमच्या अंबूबाईची मुलगी. अंबूबाई मूळची भाजे गावची. नवरा वारल्यावर पोरीला घेऊन आमच्या मागच्या खोपटात राहायला आली आणि धुणीभांडी करू लागली. पोरगी सात-आठ वर्षांची, काटकुळी, आणि द्वाड म्हणजे किती! पेरूच्या झाडावर हीच, कोंबड्यांच्या मागे हीच, माझ्या लोणच्याच्या बरणीत बोटं हिचीच. मी केशवला म्हटलं, "हिच्यापुढे वडी ठेवू नकोस, ताटलीही चाटून पुसून ठेवील."

ती हललीसुद्धा नाही. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसली ती बसलीच. केशवने दुसऱ्या दिवशी वेळ वाढवला, तिसऱ्या दिवशी आणखी वाढवला. एका पोराला आत पाठवून तिच्यादेखत तिची वडी खायला लावली. खोलीत शेळी सोडली. खिडकीखाली लवंगी फटाका लावला. ती दचकली, डोळे गच्च मिटले, पण जागची उठली नाही. केशवला आभाळ ठेंगणं झालं. "अक्का, हा संयम बघ! हे मूल मोठमोठ्या विद्वानांना दाखवण्यासारखं आहे."

मला मात्र ते बघवेना. ती वडीकडे पाहतच नव्हती. कशीही बसवा, ती वळून मागच्या दाराकडे तोंड करी, जिकडून मोरीवरच्या भांड्यांचा आवाज येई. आवाज थांबला की तिचे ओठ पांढरेफटक पडत. घंटी वाजली की वडी तशीच टाकून धावत सुटे, मोरीवर जाऊन आईच्या पाठीला हात लावी, आणि मग कुठे तिच्या जिवात जीव येई. केशव म्हणे, शाबासकी घ्यायला जाते. डोंबलाची शाबासकी!

एका दुपारी मी तिला मागच्या पायरीवर बसवून डोक्याला तेल लावत होते. सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, तुला गुडदाणी आवडत नाही?"

"लय आवडती."

"मग उठून घेत का नाहीस? दुसऱ्याने खाल्ली तरी गप्प बसतेस ती?"

"उठले तर आई मरंल," ती म्हणाली. जणू उद्या बाजार आहे असं सांगावं, तशी म्हणाली.

माझ्या हातातली वाटी कलंडली. मी अंबूबाईला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली आणि पोरीचं बोलणं ऐकून माझ्याजवळ पायरीवर बसली. मग तिने सगळं सांगितलं. भाज्याला असताना ती बाळंत झाली आणि अंगात ताप भरला. गावच्या कोंडाजी देवऋषीने बाजेभोवती अंगाऱ्याचं रिंगण घातलं, आत अंबूबाई, तान्हं बाळ आणि झुंबरी. मी सांगेपर्यंत कुणी रेघ ओलांडायची नाही, म्हणाला. त्यांच्यात ही रीतच. रिंगण मोडलं की आतल्यांवर घाला येतो. झुंबरी तेव्हा एवढीशी. कोंबडीचं पिल्लू दिसलं म्हणून धावली बाहेर. दुसऱ्या सकाळी बाळ गेलं.

"कोंडाजीनं समद्यांम्होरं तिला उभी केली," अंबूबाई म्हणाली. "म्हनला, तू रिंगान मोडलंस म्हून भाऊ ग्येला. आता पुन्यांदा मोडशील तर आईची पाळी. तवापास्नं ही पोर झोपंतनं उटती आन माज्या नाकाम्होरं हात धरती, वारा येतोय का बगाया. मी काय करू, आक्का?"

मी तडक केशवच्या खोलीत गेले आणि त्याला फैलावर घेतलं. "संयम म्हणे! अरे, रोज तू त्या पोरीला आईच्या मरणाशी नेऊन बसवतोयस, आणि वर कौतुक करतोयस!" त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, ते नाकारत नाही. पण क्षणभरच. मग त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे हे भीतीचं मूळ सापडलं, अक्का! आता ती पुसता येईल."

"काही पुसू नकोस. उद्यापासून तिला रिंगणात बसवायचं नाही, एवढंच कर."

"त्याने काय होईल? भीती आत तशीच राहील, जन्मभर. तिने स्वतःच्या पायांनी रिंगण मोडलं पाहिजे आणि आई धडधाकट हसत समोर उभी दिसली पाहिजे. अंबूबाई विहिरीवरून मदतीची हाक मारतील. पोरगी धावेलच. आई तिला पोटाशी धरील. संपलं!"

"हेच तिला जवळ बसवून नीट समजावता येत नाही?"

"तू मला किती वर्षं समजावत होतीस कुत्र्याचं? गेली का भीती?"

मी मोरीवर गेले. अंबूबाईला विचारलं तर ती दोन्ही हात जोडून म्हणाली, "सायेब म्हनत्यात तसं करू. माजी पोर एकदा सुखानं झोपू द्या." आईच तयार झाल्यावर मी कोण बोलणार? पण केशवने पुण्याहून दोन प्राध्यापक पाहायला बोलावलेत, हे कळलं तेव्हा माझं डोकं भडकलं. "पोरीचं दुखणं बरं करायचंय की तमाशा मांडायचाय?" तो म्हणाला, "साक्षीदार लागतात, अक्का." जळ्ळे मेले ते साक्षीदार!

पाहुणे सकाळच्या गाडीने आले. कॉफी झाली. केशवने ताजं रिंगण काढलं, झुंबरीला आत बसवलं, नेहमीसारखं सांगितलं आणि झिलमिलीच्या दाराआड येऊन पाहुण्यांशेजारी बसला. त्या खोलीच्या खिडकीतून मागची विहीर दिसायची. पायऱ्यांची जुनी विहीर, पावसाळ्याचं शेवाळं अजून वाळलेलं नव्हतं. मी अंबूबाईला बजावून आले होते, "वरच उभी राहा, खाली उतरू नकोस." ती हसली. "रोजचीच हीर हाय की, आक्का." त्या दिवशी तिने धुवट लुगडं नेसलं होतं. पोरीला पोटाशी धरायचं होतं ना.

मी पोह्यांचं तबक घेऊन खोलीत आले तेव्हा पहिली हाक आली. "झुंबरे, धाव गं! मी पडले!"

पोरीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे आवळून धरले. पुन्हा हाक आली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आईच्या नावाने ओठ हलत होते, पण ती उठेना. मी कुजबुजले, "केशव, पुरे कर." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीपाशी जाऊन त्याने अंबूबाईला हाताने खूण केली. खाली उतरा, आतून हाक मारा, म्हणजे खरी वाटेल.

ती उतरली. विहिरीच्या आतून हाक घुमून आली, "झुंबरेऽऽ", आणि अर्ध्यातच तुटली.

"बाई फारच हुबेहूब करते हो," एक प्राध्यापक म्हणाले. केशव हसला.

मग काही ऐकू आलं नाही. हाक नाही, काही नाही. खोलीत झुंबरी ताठ बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"केशव, बाई गप्प का झाली?"

"थांब अक्का, आता ती उठेल बघ."

मी तबक तिथेच फेकलं आणि पळाले. माझ्या मागोमाग केशव आला, झिलमिलीचं दार ढकलून, पोरीच्या पाठीमागून, रिंगणाची कड तुडवत मागच्या दाराकडे. आम्ही विहिरीवर पोचलो तेव्हा धुवट लुगडं पाण्यावर फुगून आलं होतं. दत्तोबा माळ्याने उडी टाकली, तिला पायरीवर आणली. डोकं दगडावर आपटलं होतं. दत्तोबाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिच्या नाकासमोर हात धरला. वारा येत नव्हता.

केशव काठावर उभा राहून म्हणत होता, "पण ती वर यायची होती. ती वर येऊन हसायची होती." मी त्याला तिथेच सोडलं आणि घरात गेले.

झुंबरी रिंगणातच होती. गुडघे आवळलेले, तोंड मागच्या दाराकडे. मला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"आक्का, मी न्हाई उठले! आईनं लय हाका मारल्या, तुमी समदे पळालात, तरी न्हाई उठले. आई बरी हाय न्हवं?"

तेवढ्यात मला दिसलं, तिच्या पाठीमागे, केशव धावला होता तिथे, खडूची रेघ बुटाखाली फरफटून पुसली गेली होती. चांगली वीतभर. तिने अजून वळून पाहिलं नव्हतं.

दारात केशव आला. पांढराफटक. पोरीला अजून कोणी सोडवलंच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याचा हात टेबलावरच्या घंटीकडे गेला.

"खबरदार ती वाजवलीस तर!" मी ओरडले. घंटी वाजली की ती उठणार होती आणि आईच्या पाठीला हात लावायला धावणार होती.

त्याने हात मागे घेतला. मी रिंगणात शिरले, तिच्या पाठीशी गेले आणि रेघ पुसली होती नेमकी तिथे पदर पसरून बसले. तिचं अंग गार पडलं होतं. मी तिला मांडीवर ओढलं, तोंड दाराकडेच राहील असं.

"घंटी कवा वाजंल, आक्का?"

"वाजेल हं, बाळ," मी म्हटलं. "बसू अजून थोडं."