साळूबाईची दोन पोती

मित्रांनो, मी सोनईच्या हनुमंताची जुनी मळणी मशीन. नवी आले तेव्हा हळदीकुंकू लावून ओवाळलं होतं मला! आता पत्रा गंजलाय, रंग उडालाय. अठरा सुग्या राबले, पण कुठं धान्य कमी भरलं की पहिला संशय माझ्यावरच.

गेल्या सुगीत आम्ही सूर्यभान पाटलांचं वीस एकर सोयाबीन काढलं. सुरुवातीला हनुमंतानं अर्धा तास खपून माझी चाळणी बसवली, पंख्याचा वारा जुळवला, भुसा पुन्हापुन्हा हातावर घेऊन पाहिला. दाणा वाया जाईना. मी तीन दिवस ऐटीत चालले.

तिथून साळूबाईच्या एकरभर बाजरीवर गेलो. तिच्या घरची वर्षाची भाकरी तेवढ्यावरच. चाळणी तेवढी बदलली. वारा मात्र सोयाबीनचाच ठेवला. "तासाभराचं तर काम, कशाला खोलत बसायचं?" हनुमंत पुटपुटला. अहो, सोयाबीन जड, बाजरी हलकी! मला कळत होतं, पण माझं तोंड फक्त कणसं गिळायला.

सात पोती व्हायची, तिथं पाचच भरली. साळूबाईनं कमरेवर हात ठेवले.

"हनुमंता, दोन पोती कुठं गेली रं?"

"मावशी, औंदा पीकच कमी आसंल."

"कणसं मी खुडल्यात, मला शिकवतो व्हय? हिच्या पोटात दडवलंस तू. खोल!"

"शनिदेवाची आन, मावशी!"

"आन नगं. पाना घे."

पोट उघडलं. ओंजळभर बाजरी निघाली. तरी तिनं आत खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. भर खळ्यात झडती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिची नजर मागच्या भुशाकडे गेली. तिनं सूपभर भुसा पाखडला, तर तळाशी बाजरीच बाजरी. तिचा आवाज एकदम खाली आला.

"पाटलाकडं वारा जुळवाया किती येळ घातलास?"

"अर्धा तास."

"अन् माज्याकडं?"

हनुमंत पाना घेऊन पंख्याकडं वळला.

"रान एकरभर हाय रं माजं. भूक तेवढीच बारकी न्हाई."

त्यानं वारा कमी केला आणि सगळा भुसा पुन्हा माझ्यात घातला. एक पोतं परत मिळालं. दुसरं वाऱ्यानं बांधापलीकडच्या काट्याकुट्यांत नेलं होतं. तिन्हीसांजेपर्यंत साळूबाई तिथं वाकून दाणे वेचत होती.

मित्रांनो, तुमचं शेत केवढंही असो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. मला राग नाही. फक्त तो संशय, मला चालू करायला पट्टा चढवायच्या आधी घ्या.