खालच्या मजल्यावरचा आवाज

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती, म्हणून अख्ख्या इमारतीत तिचं नाव कवळीताई पडलं होतं. दिवसभर खिडकीजवळ बसून मेणात दात कोरायचे आणि कोरता कोरता एका कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकायचं: गाणी, पॉडकास्ट, कुणी वाचून दाखवलेली पुस्तकं. त्यातलं जे आवडेल ते घरी आल्यावर वहीत टिपून ठेवायचं. पाहिलेले सिनेमेही त्याच वहीत. नाव, तारीख आणि डोक्यात काय राहिलं त्याची एक ओळ. 'नायकापेक्षा त्याची छत्री जास्त आवडली.' 'हे गाणं ऐकताना एक दाढ वाकडी कोरली गेली.'

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याला या वहीची फार गंमत वाटायची.

"जेवलो की जेवलो. ढेकर कोण लिहून ठेवतं?"

"तुम्ही नकाच लिहू. तुमचा ढेकर तसाही चार घरांत ऐकू जातो."

हे काही खोटं नव्हतं. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय, आणि त्यात आंघोळीला गेले की मास्तर गायचे. गाणं एकच, कॉलेजात स्वतःच रचलेलं. अंतऱ्यात एक ओळ ते केव्हाच विसरले होते; तिथे आले की 'ट्यँव ट्यँव' करून पुढे सरकायचे.

अलीकडे वहीत एक पॉडकास्ट पुन्हा पुन्हा येत होता. एक वयस्कर बाई अगदी हळू आवाजात बोलायची. दर भागात तिने नुकतंच पाहिलेलं, वाचलेलं किंवा ऐकलेलं काहीतरी एकच. स्वतःचं नाव सांगायची नाही. मध्येच थांबायची, "थांबा, हे मला आत्ताच सुचतंय," म्हणायची आणि भलतीकडेच जायची. कवळीताईला तिच्याविषयी भारी कुतूहल होतं. ही असेल कोण? एकटी राहते का? एवढं हळू का बोलते, शेजारी कुणी झोपलेलं असतं की काय?

एका दुपारी ती बाई एका टपालवाल्याच्या कादंबरीबद्दल सांगत होती. तो पत्रं पोचवायची सोडून वाचत का बसला, इथवर गोष्ट आली होती. आणि तिच्या बोलण्यामागून, भिंतीपलीकडून यावं तसं, कुणीतरी गायला लागलं.

ट्यँव ट्यँव.

कवळीताईच्या हातातलं मेण टेबलावर पडलं. तिने तो भाग मागे नेला, दुसरा इअरफोनही कानात घातला आणि डोळे मिटून ऐकलं. शंकाच नको. तिने जुने भाग लावून पाहिले. एकात गाण्याची नुसती गुणगुण होती. दुसऱ्यात, बोलणं थांबलं की मागे टप... टप...

पाणी ठिबकत होतं. ते कुणाच्या घरात ठिबकतंय, हे तिला बरोबर कळलं.

त्यांच्या बाथरूममधून खालच्या घरात गळती होती आणि त्यावरून महिनोन्महिने भांडण चाललं होतं. खाली डॉक्टरबाई राहायच्या, निवृत्त भूलतज्ज्ञ. मास्तरांचं म्हणणं, पाइप भिंतीतला आहे, सोसायटीने बघावं. बाईंचं म्हणणं, आंघोळ सोसायटी करते का? शब्दाने शब्द वाढत गेला. आता जिन्यात भेटल्या तर बाई तोंड फिरवायच्या आणि घरातून काठीने छत ठोकायच्या. कवळीताईने त्यांचा आवाज ऐकला होता तो फक्त ओरडताना.

"ती बाई हळू बोलते?" संध्याकाळी घरी हे ऐकून मास्तरांचा विश्वासच बसेना. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं गाणं लोकांपर्यंत पोचलं की!"

कवळीताईने वही उचलली आणि सरळ खाली जाऊन बेल वाजवली.

दार अर्धंच उघडलं. "पाइप बघायला माणूस आणलाय का?"

"नाही. तो टपालवाला शेवटी पकडला जातो का, ते विचारायला आले. तुम्ही सांगितलंच नाहीत."

डॉक्टरबाईंनी दार पूर्ण उघडलं. त्यांनी तिला थेट आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीतलं मोठं कपाट उघडून दाखवलं. एका बाजूला दाटीवाटीने रजया टांगलेल्या, कोपऱ्यात स्टूल, फळीवर छोटा माइक. आणि वरच्या कोपऱ्यातून पाण्याचा थेंब बरोबर स्टुलावर.

"सगळ्यात शांत जागा हीच. पूर्वी होती," बाई म्हणाल्या. "आता छत्री घेऊन बसू का आत?"

कवळीताईने वही पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली आणि पानं थरथरू लागली. थरथरत होता तो बाईंचा हात.

"याच्यापायीच काम सोडलं," त्या सहज म्हणाल्या. "लिहिता येत नाही, म्हणून बोलते. जन्मभर लोकांना झोपवलं. आता वाटतं, कुणीतरी जागं राहून ऐकावं. तुम्ही कशासाठी लिहिता?"

"मागे एकदा आठवायला बसले, वर्षभरात काय वाचलं म्हणून. काही आठवेचना. घाबरले."

"भूल दिल्यासारखं."

"अगदी."

बाई वाचत होत्या. अचानक त्यांच्या भुवया चढल्या. "बेटावरच्या सिनेमाचा माझा भाग रटाळ? रटाळ?"

"सिनेमा रटाळ होता, बाई. तुम्ही उगाच त्याची बाजू घेतलीत."

"तुम्ही तो नीट पाहिलाच नाहीत!" हा आवाज मात्र ओळखीचा होता. वर मास्तरांनाही तो ऐकू गेला. ते धावतच खाली आले, तर दोघी कपाटासमोर जमिनीवर बसून तावातावाने वाद घालत होत्या. मास्तरांनी कोपऱ्यातली ओल पाहिली, भिंतीवरून हात फिरवला आणि प्लंबरला फोन लावला.

त्याच आठवड्यात फरशी फोडून पाइप बदलला. धुळीने दोन्ही घरं माखली. कपाट कोरडं होईपर्यंत रेकॉर्डिंग बंद, म्हणून एका सुट्टीच्या दुपारी कवळीताई बाईंना सिनेमाला घेऊन गेली. बाई अख्खा सिनेमाभर तिच्या कानात कुजबुजत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं.

बाहेर पडल्यावर बाईंनी तिचा दंड धरला. "ती बहीण शेवटी दार उघडते ना?"

"उघडते? कडी लावते ती!"

"आवाज आला की उघडल्याचा."

"तो लावल्याचा आवाज होता!"

घराकडे जाणारी बस आली, थांबली आणि निघून गेली. दोघी अजून फुटपाथवरच उभ्या होत्या. बाईंचा थरथरता हात हवेत एक न दिसणारी कडी पुन्हा पुन्हा सरकवून दाखवत होता आणि कवळीताई कान देऊन तो आवाज आठवत होती.