लुद्विकच्या सीलबंद मधपेट्या

तीन राजांच्या सणाला, म्हणजे सहा जानेवारीला, लुद्विकच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या दिवशी आमच्या दरीत गुडघाभर बर्फ असतो. यंदा पारा चौदा अंशांवर होता आणि लुद्विकच्या तीसही पेट्यांमधून मधमाश्या बाहेर पडत होत्या. मधोमध ब्रदर अंब्रोझ उजवा हात पुढे करून उभे होते. माश्या येऊन त्या हातावर बसत होत्या, आणि एकही चावत नव्हती.

"बघा लेकरांनो! आपल्या संतानं हिवाळाच उचलून बाजूला ठेवला! या हातात काय आहे? काही नाही! नुसती प्रार्थना!"

"अगं बाई, खरंच चावत नाहीत!" पाववाली इवांका रडायलाच लागली.

हे ब्रदर दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाद्या विकायचे. मग मधमाश्यांच्या संताचं, अंब्रोझचं, नाव लावून गावोगाव हिंडायला लागले. मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, माझ्याही आठ पेट्या आहेत. मला राहवलं नाही.

"ब्रदर, माझ्याही माश्या उडताहेत. तिथे तर कुणी प्रार्थना केली नाही. हवा एवढी उबदार झाली की त्या उडतातच."

"संताची कृपा शेजारीही सांडते, बाई!" ब्रदर म्हणाले. सगळे हसले, अर्थात मलाच.

मी लुद्विककडे वळले. "थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात, थोडंसं खातात. अशा उबेत त्या हिंडतात, राणी अंडी घालायला लागते, पिल्लांना भरवावं लागतं. मध भराभर संपतो, आणि बाहेर फूल एक नाही. पेट्यांत साखरेचे गोळे ठेव."

"साखर!" ब्रदरांनी डोळे मिटले. "संतानं वाढलेल्या ताटात साखर?" त्यांनी पेट्यांची मागची, आत बघायची दारं मेणानं बंद केली आणि प्रत्येकावर क्रूस उमटवला. बारा मार्चपर्यंत, ग्रेगरच्या सणापर्यंत, उघडायचं नाही. उघडलं तर कृपा उडून जाईल.

गर्दी पांगल्यावर मी पुन्हा विषय काढला. लुद्विकची बायको सिल्का सप्टेंबरात गेली होती. माश्या तिच्या होत्या.

"मार्येता," तो म्हणाला, "ती गेल्यापासून या घरात काही हललं नव्हतं. आज हललं. एवढं राहू दे गं मला."

यावर मी गप्प बसले. तेच माझं चुकलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका उन्हाच्या दुपारी माझ्या माश्या उडत होत्या, लुद्विककडे मात्र सामसूम होती. मी सुरी घेऊन गेले. त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच मेण कापलं. पोळ्याच्या चौकटी कोरड्या ठणठणीत. माश्या कप्प्यांत डोकं खुपसून मेल्या होत्या, नुसती शेपटं दिसत होती. उपाशी मेलेली माशी अशीच सापडते. तीसातल्या अठ्ठावीस पेट्या गेल्या होत्या. लुद्विक एका पालथ्या बादलीवर बसला. मी त्याच्या शेजारी उभी राहून रडले.

गावानं निकाल दिला: क्रूस मोडला म्हणून माश्या मेल्या. माझं डोकं फिरलं. जानेवारीत ब्रदरांच्या हाताला लिंबासारखा वास होता आणि मी तो साबणाचा समजले होते. मी शहरातल्या दुकानातून गवती चहाच्या तेलाची बाटली आणली, माझ्या पेट्यांपुढे लोक जमवले आणि हाताला दोन थेंब चोळले. पाच मिनिटांत हात माश्यांनी भरला.

"बाई, तुमच्यातही संत उतरला!" इवांका ओरडली.

"थांब." उरलेलं तेल मी कुंपणाच्या खांबाला चोळलं. माश्या खांबावर गोळा झाल्या. "आता याच्याही पाया पड. या वासानं माश्या एकमेकींना घरी बोलावतात. त्या चावायला नाही, घर समजून येतात."

कुणी हसलं नाही. लुद्विकनं मला बाजूला नेलं. "मग हिवाळा कुणी पळवला? जग तापतंय म्हणतात, ते हेच का?"

"एका हिवाळ्यावरून नाही सांगता येत. उबदार हिवाळे पूर्वीही यायचे."

त्यानं मला माश्यांच्या घराच्या, म्हणजे पेट्या रचलेल्या खोपटाच्या, दारामागे नेलं. तिथे दरवर्षी माश्या पहिल्यांदा उडाल्या ती तारीख पेन्सिलीनं लिहिलेली होती. वर त्याच्या वडिलांचं अक्षर, खाली सिल्काचं. वरच्या तारखा मार्चमधल्या. मधूनमधून एखादी मागेपुढे, पण खाली येता येता फेब्रुवारी आणि शेवटी जानेवारी.

"हे सांगता येतं," मी म्हणाले. "एक ओळ काही सांगत नाही, साठ ओळी सांगतात. साऱ्या जगात लोकांनी अशा ओळी ठेवल्यात आणि त्या एकाच बाजूला सरकताहेत."

त्यानं सिल्काच्या अक्षरावरून बोट फिरवलं. "ती दरवर्षी लिहीत होती. मी एकदाही वाचलं नाही."

पुढच्या रविवारी पलीकडच्या दरीत ब्रदरांची प्रार्थना होती. तिथल्या पेट्याही त्यांनी मेणानं बंद केल्या होत्या. लुद्विक चारचौघांत कधी बोलत नाही. पण तो मेलेल्या माश्यांची एक चौकट फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर बसनं आला आणि थेट गर्दीत शिरला. ब्रदर हात पुढे करून उभे होते.

लुद्विकनं फडकं सोडलं. "या माझ्या बायकोच्या माश्या," तो म्हणाला. "मध संपला होता आणि मी दार उघडून बघितलं नाही. हा तेलाचा हात बघत बसू नका. घरी जा, मेण काढा, आत डोळ्यांनी बघा. तुमच्या अजून जिवंत असतील."

"लेकरांनो, अविश्वास म्हणतात तो हाच—" ब्रदरांनी सुरुवात केली.

बरेच जण जागचे हलले नाहीत. सहा जण मात्र वळले आणि घाईघाईनं घराकडे निघाले.